फोटो निघाला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं

१९०६ सालच्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचा अंक बाहेर पडला आणि त्या संस्थेच्या संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. भांडण फोटोंवरून होतं. अंकात रानटी प्राण्यांचे तब्बल ७४ फोटो होते आणि त्यांच्या जोडीला मजकूर जेमतेम चार पानांचा. भूगोलाला वाहिलेल्या गंभीर मासिकाचं चित्रांचं पुस्तक करून टाकलं, अशी त्या दोघांची तक्रार होती. वाचकांना मात्र तो अंक फार आवडला. काळ्याभोर रात्री पाण्याकाठी उभी असलेली, दचकून उधळलेली हरणं असं काही तोवर कोणी छापलेलं पाहिलंच नव्हतं.

हे फोटो जॉर्ज शायरस यांचे. पेनसिल्व्हेनियातले वकील, काही काळ अमेरिकन काँग्रेसचे सदस्य आणि मुळात शिकारी. त्यांची फोटोग्राफी जन्मली तीही शिकारीच्याच एका जुन्या युक्तीतून. मिशिगनच्या बाजूला राहणारे ओजिब्वे आदिवासी रात्री होडीच्या टोकाशी विस्तव पेटवून तलावात शिरत. उजेड दिसला की काठावरचं हरीण पळायचं विसरतं, ज्वाळेकडे टक लावून बघत राहतं आणि त्याचे डोळे अंधारात लकाकतात. नेम धरायला तेवढं पुरे. शायरसनी बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला आणि उजेडासाठी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवायला सुरुवात केली.

पण त्यांची खरी करामत पुढची. त्यांनी जनावरांच्या वाटेवर तार ताणली, ती कॅमेऱ्याला आणि भडक्याच्या यंत्राला जोडली आणि आपण तिथून निघून गेले. रात्री हरीण आलं, त्याच्या पायाने तार ओढली गेली, लख्ख उजेड पडला आणि हरणाने स्वतःचा फोटो स्वतःच काढला.

जगातले कितीतरी अजोड वन्यजीव फोटो आजही असेच निघतात. आपल्या मनातला फोटोग्राफर म्हणजे झुडपाआड भलीमोठी लेन्स रोखून बसलेला माणूस. तसे फोटो असतातच, आणि त्यांतले काही फार सुंदरही असतात. पण रात्रीचे, लाजरे, माणसाची चाहूल लागताच वाट बदलणारे प्राणी अशा माणसाला दिसतच नाहीत. त्यांना पाहायचं तर माणसानेच तिथून उठून जायला हवं.

हिंदुस्थानात हे सगळ्यात आधी जाणलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने. तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या, हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनांत त्यांची नोकरी होती. तो काळ वाघाच्या अंगावर पाय ठेवून फोटो काढून घेण्याचा. साहेब आणि संस्थानिक शिकारीचे आकडे मिरवत होते आणि चॅम्पियन वाघाच्या वाटेवर तारा लावत हिंडत होते. वर्षानुवर्षं हाती काही लागलं नाही. अखेर १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्यांचे फोटो छापून आले. आपल्या रानात, आपल्या वाटेने, आपल्याच तंद्रीत चाललेला जिवंत वाघ! १९२७ मध्ये त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक आलं. जिम कॉर्बेट यांनी बंदूक मागे ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यामागे चॅम्पियन यांचीच प्रेरणा होती.

या फोटोंत चॅम्पियनना आणखी एक गोष्ट दिसली. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, त्यामुळे फोटोवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो. तेव्हा हे एका हौशी माणसाचं निरीक्षण होतं. सुमारे ७० वर्षांनी, १९९०च्या दशकात, उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात त्यावर वाघ मोजण्याची शास्त्रीय पद्धत उभी केली. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगवेगळे असतात.

पुढे देशभर हीच पद्धत आली. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघांचे किती? ७६,६५१. बाकी हरणं, रानडुकरं, गवे, वाऱ्याने हललेलं गवत. त्या ७६ हजारांतून बछडे वगळून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. कॅमेऱ्यांनी केलेली वन्यजीवांची जगातली सर्वांत मोठी पाहणी म्हणून गिनेस बुकाने तिची नोंद घेतली.

आता तार गेली आणि सेन्सर आले. काही कॅमेऱ्यांना गरम अंगाचं जनावर समोरून सरकल्याचं कळतं. काहींत न दिसणारा इन्फ्रारेड झोत वाटेवर आडवा सोडलेला असतो. तो तुटला की फोटो निघतो. मोजणीच्या कॅमेऱ्याला फक्त कूस हवी असते. फोटोग्राफरला मात्र जागा हवी असते. प्राणी नसतानाच त्याला ते चित्र पूर्ण रचावं लागतं : मागे काय दिसेल, उजेड कुठून पडेल, जनावर कुठवर आलं की कळ दाबली जाईल. नाटकाचा सगळा रंगमंच सजवून ठेवायचा आणि नट कधी येईल, येईल की नाही, हे ठाऊक नसताना थांबायचं. या थांबण्यालाच या कलेत सर्वाधिक किंमत आहे.

रशियाच्या अतिपूर्वेला, ‘लँड ऑफ द लेपर्ड’ राष्ट्रीय उद्यानात सर्गेई गोर्शकोव्ह यांनी २०१९ च्या जानेवारीत असाच रंगमंच मांडला. त्याआधी ते जंगलभर फिरून झाडांच्या खोडांवर वाघाचा वास, केस, मूत्राच्या खुणा शोधत होते. एका जुन्या, प्रचंड मंच्युरियन फर वृक्षासमोर त्यांनी कॅमेरा लावला. नोव्हेंबरमध्ये तो फोटो निघाला. अमूर वाघीण मागच्या पायांवर उभी राहून खोडाला मिठी मारतेय, गाल सालीवर दाबलेला, डोळे मिटलेले. ती आपला गंध झाडावर सोडत होती. हा मुलूख माझा, असं इतर वाघांना सांगत होती. आपल्याला मात्र ती माया वाटते. बाजूने पडणाऱ्या उन्हात तिचे पट्टे आणि झाडाची साल इतकी एकजीव झालीय की क्षणभर वाघीण झाडातूनच उगवल्यासारखी दिसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०२० मध्ये हा फोटो सर्वश्रेष्ठ ठरला. रानातल्या वाघाचा याहून जिव्हाळ्याचा फोटो शोधून सापडणार नाही.

याच स्पर्धेत २०२५ मध्ये साठ हजारांहून अधिक फोटोंतून पहिला आला तो विम व्हान डेन हीवर यांचा, नामिबियातल्या कोल्मन्सकोपचा. हे हिऱ्यांच्या खाणीचं गाव. १९०८ मध्ये तिथल्या वाळूत हिरे सापडले, जर्मन बंगले उठले, श्रीमंती आली; हिरे सरले तशी माणसं गेली आणि १९५६ पर्यंत गाव पार ओस पडलं. आता घरांत गुडघाभर वाळू आहे. व्हान डेन हीवरना तिथे तपकिरी तरसाचे ठसे दिसले. तरसांच्या जातींतली ही सर्वांत दुर्मीळ जात, एकटीदुकटी रात्री फिरणारी, किनाऱ्यावर सीलची पिल्लं शोधत जाणारी. त्या ठशांपासून मनाजोगत्या फोटोपर्यंत दहा वर्षं गेली. फोटोत पडक्या घरापुढे, धुक्याच्या रात्री, तरस उभं आहे, जणू घरमालकच.

इतका धीर सगळ्यांजवळ नसतो. २००९ मध्ये याच स्पर्धेत कुंपणावरून झेपावणारा लांडगा विजेता ठरला होता. तो माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं गेलं. ब्राझीलमधल्या रात्रीच्या एका फोटोत चमचमत्या वारुळाशी मुंगीखाऊ दिसत होता. तो पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये तोही फोटो बाद झाला. वाईट वाटतं ते त्या वारुळाचं. त्यावरचा उजेड किड्यांच्या अळ्यांचा होता, आणि तेवढं आश्चर्य एकट्याने पुरेसं होतं.

स्टीव्ह विंटर यांनी २००८ ची ही स्पर्धा लडाखच्या हेमिसमध्ये, बर्फ पडत असताना टिपलेल्या हिमबिबट्याच्या फोटोने जिंकली होती. पण त्यांचा जास्त गाजलेला फोटो भर शहरातला आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात एक नर प्यूमा राहू लागला होता. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं पी-२२. दोन महामार्ग ओलांडून तो तिथे पोचला होता. एरवी अशा नराला शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो, इथे त्याच्या वाट्याला विसेक आला. विंटर यांनी कॅमेरा लावून पंधरा महिने वाट पाहिली. २०१३ च्या डिसेंबरात छापलेल्या त्या फोटोत गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला पी-२२ डोंगरउतारावरून चालतोय आणि मागे ‘हॉलिवूड’ची ती पांढरी अक्षरं झळकताहेत.

एका फोटोने शहराला आपला शेजारी दाखवला. पी-२२ वर प्रेम करणारी माणसं हजारोंनी निघाली. प्राण्यांना १०१ क्रमांकाचा दहा पदरी महामार्ग ओलांडता यावा म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये झाडझुडपांचा पूल बांधायला सुरुवात झाली. त्याच डिसेंबरात आजारी, जखमी पी-२२ ला कायमचं झोपवावं लागलं. त्याला जोडीदारीण कधीच मिळाली नाही. तिला तिथवर यायला वाटच नव्हती.

मुंबईकराला या गोष्टीत नवल वाटणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, आणि भोवती इमारतींचा वेढा. उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात कॅमेरे लावून २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात, अंगावरच्या ठिपक्यांवरून ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले. चॅम्पियन यांची नजर इथे पट्ट्यांवरून ठिपक्यांवर आली होती.

उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीतल्या वारली पाड्यांत मुंबईचे नयन खानोलकर यांनी आपला कॅमेरा लावला. त्यांना बिबट्याचा नुसता चेहरा नको होता, तो जिथून जातो ती गल्ली हवी होती. म्हणून त्यांनी फ्लॅश असे बसवले की गल्लीतला रोजचा उजेडच वाटावा, आणि कॅमेरा असा की बिबट्याने चित्र व्यापून टाकू नये. चार महिने गेले. मग एका रात्री घरांच्या भिंतींमधून, आपल्या पायाखालच्या वाटेने जावं तसा बिबट्या निघाला. २०१६ मध्ये या फोटोला लंडनच्या त्याच स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं.

कॅमेरा लावण्याआधी खानोलकर पाड्यातल्या लोकांशी बोलले होते. वारल्यांचा वाघोबा हा देव. बिबट्याही त्याच्याच गोतातला. रात्री तो इकडून जातो, हे त्यांच्या घराघरांत ठाऊक होतं. कोणत्या गल्लीत थांबायचं, ते त्यांच्याशी बोलूनच ठरलं.