नाकाला न कळणारा वायू

सहेरीला उठल्यावर स्वयंपाकघरातून गॅसचा उग्र वास आला, तर आपण दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. रेग्युलेटर बंद करतो, दारे-खिडक्या उघडतो. पण हा वास गॅसचा स्वतःचा नव्हे. सिलिंडरमधल्या प्रोपेन आणि ब्युटेनला जवळजवळ वासच नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त रसायन अगदी थोडे मिसळतात.

हे शहाणपण फार महाग पडले आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन येथील शाळेच्या इमारतीखाली नैसर्गिक वायू साठला. वास नसल्याने कुणालाच पत्ता लागला नाही. एक ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळणे कायद्याने सक्तीचे झाले.

मात्र आपल्या घरात तयार होणाऱ्या एका वायूत असा वास कुणी मिसळू शकत नाही. कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, गुंगी येते. आपण म्हणतो, थकवा असेल.

बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी ठेवतो आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घेतो. धूर नाही, निखारे छान फुललेत, म्हणजे काळजी नाही, असे वाटते. पण बिनधुराचे निखारेही हा वायू सोडतात. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही तितकाच घातक.

म्हणून शेगडी असेल तिथे खिडकी उघडी ठेवावी आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर न्यावी. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा. कुणाला भोवळ आलीच, तर आधी मोकळ्या हवेत आणावे, लगेच दवाखान्यात न्यावे आणि खोलीत शेगडी किंवा गिझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र या विषबाधेतही ठीक आकडा दाखवू शकते. तिथे आपले सांगणेच उपयोगी पडते.