ब्लूज ऐकायचे आहे? सुरुवात या पाच रेकॉर्डपासून करा

कापसाच्या शेतात राबणाऱ्या आणि कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचे गाणे म्हणजे ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजुरांमध्ये ते रुजले. ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या नंदुरबारमधील कुटुंबांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

काय ऐकाल?

• बी. बी. किंग, ‘लाइव्ह अ‍ॅट द रीगल’ (१९६५) : शिकागोतील मैफल. नवख्या श्रोत्यासाठी सर्वांत सोपी सुरुवात.

• मडी वॉटर्स, ‘अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०’ : शहरात आलेले, इलेक्ट्रिक गिटारवरचे ब्लूज.

• हाउलिन वुल्फ, ‘मोनिन इन द मूनलाइट’ (१९५९) : खरखरीत, अंगावर येणारा आवाज.

• रॉबर्ट जॉन्सन, ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ (१९६१) : १९३६-३७ मधील ध्वनिमुद्रणे. फक्त गळा आणि गिटार. जॉन्सन २७ व्या वर्षीच वारले.

• बेसी स्मिथ, ‘डाउनहार्टेड ब्लूज’ (१९२३) : आवाजात खरखर आहे, पण हेडफोन लावून ऐका.

महाराष्ट्रात कुठे?

मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय येथे गायले. मडी वॉटर्स यांच्या ‘फोक सिंगर’ (१९६४) या अल्बममध्ये त्यांचीच गिटार आहे. यादीत सहावी रेकॉर्ड घ्यायची तर हीच.

एका रेकॉर्डिंगने काय बदलले?

१९४१ मध्ये संशोधक अ‍ॅलन लोमॅक्स मिसिसिपीत लोकगीते टिपत फिरत होते. तेथे शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाचे गाणे त्यांनी रेकॉर्ड केले. स्वतःचा आवाज ऐकून त्याचा आत्मविश्वास वाढला आणि १९४३ मध्ये त्याने शिकागो गाठले. तोच मडी वॉटर्स.

आपल्याकडे काय करता येईल?

भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी, ढोल आणि पावरी यांचे व्हिडिओ मोबाइलवर निघतात. पण तुकड्यांत आणि गायकाच्या नावाविना. भिली, पावरी, मावची गाणी जपायची, तर एवढे करा :

• आधी गायकाची परवानगी घ्या.

• गाणे पूर्ण रेकॉर्ड करा. ढोलापासून थोडे लांब उभे राहा.

• गायकाचे नाव, गाव, बोली आणि तारीख लिहून ठेवा.

• फाइलची एक प्रत मोबाइलबाहेरही ठेवा आणि एक गायकाला द्या.

मोबाइल बिघडला, की त्यातले गाणेही जाते. ते गाणारी आजी गेल्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.