दगडाने मारलं, सिमेंट तारेल?

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून घरात झोपलेली. भूकंपाने किल्लारी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार जीव गेले. त्या पहाटेबद्दलचे काही समज आपल्याकडे इतके घट्ट बसलेत की आज नव्या घराचा पाया खोदतानाही तेच कानावर येतात.

‘मराठवाड्यात भूकंप होत नसतो’, हा त्यातला जुना समज. १९९३पर्यंत सरकारी नकाशाही तेच सांगत होता. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. प्रत्यक्षात १९९२च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. नकाशा सुधारला २००२ साली, तेव्हा हा भाग अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला.

दुसरा समज मला जास्त घातक वाटतो. ‘दगडाच्या घरांनी माणसं मारली, सिमेंटचं घर बांधलं की काळजी मिटली.’

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असे. बाहेरून एकसंध दिसे, पण ती फोडली की आत दोन भिंती निघत. एक पदर आतला, एक बाहेरचा, आणि मधल्या पोकळीत चिखल-गोटे. दोन्ही पदरांना आरपार पकडून ठेवणारा लांब जोडदगड क्वचितच घातलेला. वर माळवद गळू नये म्हणून टाकलेल्या मातीचे थर, वर्षागणिक वाढत गेलेले. जमीन हलली तसे भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा अंगणात गेला, आतला खोलीत, आणि मागोमाग सगळी माती झोपलेल्यांवर कोसळली. त्याच गावांत जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती पडूनही छत पेललं गेलं. कुडाच्या, हलक्या छपराच्या घरांत माणसं वाचली. म्हणजे ‘गरिबीने मारलं’ हेही अर्धंच खरं. गावातलं सर्वांत गरिबाचं घर पुष्कळदा सर्वांत कमी जीवघेणं ठरलं.

सिमेंटचं काय, याचं उत्तर हैतीत मिळतं. कॅरिबियन समुद्रातला हा गरीब देश १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स बहुतांशी सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची आणि जड स्लॅबची होती. सळई तुटपुंजी, काँक्रीट कच्चं, तपासणारं कुणी नाही. राष्ट्राध्यक्षांचा प्रासादसुद्धा कोसळला. शहरातले जुने लाकडी बंगले मात्र बऱ्याच प्रमाणात उभे राहिले. सहा आठवड्यांनी चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. कित्येक पटींनी मोठा, तरी तिथे सुमारे सव्वापाचशे माणसं गेली. चिलीत बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जात होते.

म्हणून लातूर किंवा नांदेडात घर बांधणाऱ्याने सिमेंटच्या पोत्यांपेक्षा कॉलममधल्या रिंगांकडे बघावं. रिंगेची दोन्ही टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते आणि आतली उभी सळई बाहेर फुगते. कॉलम-बीमच्या सांध्यात रिंगा दाट लागतात, आणि नेमक्या तिथेच त्या वगळल्या जातात. पाणी मारणं सात दिवस तरी चुकवू नये. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर चार मजले भिंती, अशी इमारत असेल तर त्या खांबांचा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्यावा.

आरोग्याबद्दलही एक समज पक्का आहे: मृतदेहांमुळे साथ पसरते. याच भीतीने आपत्तीनंतर ओळख न पटवता घाईघाईने अंत्यविधी उरकले जातात आणि घरच्यांना शेवटचं दर्शनही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते आहे की इजा होऊन गेलेल्यांच्या देहांतून सहसा साथ येत नाही. साथ येते घाण पाण्यातून. हैतीत ऑक्टोबर २०१०मध्ये कॉलरा फुटला तो ढिगाऱ्यातून नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळाचं सांडपाणी नदीत गेलं आणि जवळपास दहा हजार लोकांचा बळी गेला. संयुक्त राष्ट्रांनी या साथीतला आपला वाटा मान्य केला, तोही २०१६ साली.

अशीच एक भीती प्रवासाची. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला किंवा माहूरला निघालेल्यांनी भूकंपाच्या धास्तीने बेत बदलण्याचं कारण नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. चांगल्या बांधलेल्या इमारतीला एवढ्याने काही होत नाही.

प्रश्न आहे तो अजून उभ्या असलेल्या जुन्या दगडी घरांचा. ती पाडलीच पाहिजेत असं नाही. माळवदावरची जादा माती उतरवता येते. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरलं की जोडदगडाचं काम होतं. दाराच्या चौकटीवरून चारी भिंतींना सलग पट्टा घेता येतो. किल्लारीनंतर या पद्धती मराठवाड्यातच गवंड्यांना शिकवल्या गेल्या, आणि नवीन घराच्या मानाने त्यांचा खर्च बराच कमी येतो.