५८ पानांचं पत्र आणि एक क्लोज-अप

एकच सिनेमा पुन्हा पुन्हा विकत कशाला घ्यायचा, हा प्रश्न जुन्या थ्रिलरच्या डिस्क जमवणाऱ्याला हमखास विचारला जातो. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’साठी मी कपाटात वेगळा कप्पाच राखलाय, त्यामुळे मला तो जरा जास्तच ऐकावा लागतो. माझं उत्तर असं, की या नावाखाली तीन वेगवेगळे सिनेमे आहेत आणि ते शेजारी ठेवून पाहण्याची सोय फक्त डिस्कनं केली.

सीमेवरचा बॉम्बस्फोट, खोटे पुरावे पेरणारा कॅप्टन क्विनलन, सुरुवातीचा तो लांबलचक अखंड शॉट, हे वाचकांना ठाऊक आहेच. मला ओढ आहे ती एका पत्राची. १९५७ साली संकलन वेल्सच्या हातातून गेलं आणि युनिव्हर्सलनं हॅरी केलरकडून काही जादा प्रसंग चित्रित करून घेतले. जोडलेला सिनेमा वेल्सला एकदा दाखवण्यात आला. त्यावर ५ डिसेंबर १९५७ रोजी त्यानं निर्मितिप्रमुख एडवर्ड मुल यांना ५८ पानं लिहिली. त्यात कुठे आदळआपट नाही. आपला सिनेमा हिरावला गेलेला माणूस इतक्या सभ्यपणे, एकेका प्रसंगाबद्दल विनवणी करतो, हे वाचताना आजही गळा दाटून येतो. स्टुडिओनं त्यातलं थोडंफारच ऐकलं आणि १९५८ मध्ये जेमतेम दीड तासाचा सिनेमा लावून टाकला.

सत्तरच्या दशकात १०८ मिनिटांची एक प्रत सापडली आणि हाच वेल्सचा खरा सिनेमा असा बोलबाला झाला. वास्तविक ती प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळाची प्रत होती. तिच्यात वेल्सचं काम जास्त होतं, तसं केलरचंही जास्त होतं. नुसत्या लांबीवर भाळणाऱ्या संग्राहकांनी हे लक्षात ठेवावं.

१९९२ मध्ये समीक्षक जोनाथन रोझेनबॉम यांनी पत्राचा बराच भाग ‘फिल्म क्वार्टर्ली’त छापला. तो वाचून निर्माता रिक श्मिडलिन युनिव्हर्सलच्या मागे लागला, संकलक वॉल्टर मर्च सोबत आला आणि १९९८ मध्ये पत्राबरहुकूम १११ मिनिटांची आवृत्ती तयार झाली. पहिल्या शॉटवरची श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं शीर्षकसंगीत गेलं. त्याजागी गाड्यांच्या रेडिओचा आणि बारमधल्या गाण्यांचा कल्लोळ आला. वेल्सच्या मुलीनं कायदेशीर हरकत घेतल्यामुळे कान महोत्सवातला खेळ रद्द झाला, तेही याच वर्षी.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा बदल अगदी छोटा आहे. जुन्या खटल्यांच्या दप्तरखान्यात मेक्सिकन अधिकारी व्हार्गास हा मेंझीससमोर क्विनलनच्या लबाडीचे पुरावे ठेवतो. मेंझीस म्हणजे क्विनलनचा जन्माचा भक्त, कारण क्विनलननं कधीकाळी त्याच्यासाठी गोळी झेललेली. स्टुडिओच्या प्रतीत इथे मेंझीसचा खचून गेलेला चेहरा क्लोज-अपमध्ये दिसतो. हा शॉट काढा, असं वेल्स पत्रात लिहितो आणि कारण देतो लेन्सचं: वाइड अँगलमुळे चेहरा विद्रूप दिसतो. मर्चनं तो काढला, आणि मेंझीस हे पात्रच पालटलं. क्लोज-अप असेपर्यंत तो मोडलेला, म्हणून व्हार्गासच्या कह्यात गेलेला माणूस वाटतो. क्लोज-अप गेल्यावर मेंझीस अंगावर मायक्रोफोन लपवून क्विनलनसमोर जातो, तो स्वतःच्या निर्णयानं. मर्चच्या मते खरं कारण हेच होतं. स्टुडिओला ते पटणार नाही म्हणून वेल्सनं तांत्रिक कारण पुढे केलं. मला हे शंभर टक्के पटतं. काही सेकंदांचा एक शॉट माणसाची नीतिमत्ता ठरवतो, हे संकलनावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा इथे स्वच्छ कळतं.

आता डिस्कविषयी. २००० च्या डीव्हीडीत १९९८ ची आवृत्ती आणि पत्राचा मजकूर आला. २००८ च्या संचात तिन्ही आवृत्त्या एकत्र आल्या. २०११ मध्ये ब्रिटनच्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’नं ब्लू-रेवर पाच पर्याय दिले, कारण चौकट १.३७ ची की १.८५ ची, हा वाद मिटत नव्हता. माझा कौल १.८५ ला, तेव्हाची चित्रपटगृहं रुंद पडद्याकडे वळली होती. मात्र ही डिस्क रीजन बी ची आहे आणि भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर पैसे वाया जातील. २०२२ चा किनो लॉर्बरचा फोर-के संच त्या बाबतीत सोयीचा: तीन डिस्कवर तीन आवृत्त्या, आणि फोर-के डिस्कना रीजनचं कुलूप नसतं.

फक्त १९९८ च्या आवृत्तीला ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणू नका. वेल्स १९८५ मध्येच गेला होता. दुसऱ्यांनी त्याच्या पत्राचं इमानेइतबारे केलेलं ते पालन आहे. एकच संच घ्यायचा असेल तर किनो लॉर्बरचा घ्या. आधी १९५८ ची आवृत्ती पाहा, मग पत्र वाचा आणि त्यानंतरच १९९८ ची लावा.