पिवळीधमक हळद आणि पोटातले बाळ

फेब्रुवारी ते मे या काळात विश्रामबागहून सांगलीत जाताना मार्केट यार्ड जवळ आले, की गाडीच्या काचा बंद असल्या तरी हळदीचा वास आत येतो. सांगलीकराला त्याचे विशेष वाटत नाही. हरिपूरच्या पेवांपासून सौद्यांपर्यंत हळद या गावाच्या अंगात मुरलेली आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. खरचटले की हळद, घसा धरला की हळद, लग्नात हळद आणि बाळंतिणीलाही हळद. अशा गावात राहून डॉक्टरने हळदीविषयी शंका काढायची म्हणजे थोडे धाडसच.

शंका मनात आली ती ओपीडीत. सहावा महिना लागलेली एक मुलगी सासूबाईंबरोबर तपासणीला आली होती. हिमोग्लोबिन आठच्या आसपास. खाण्यापिण्याची चौकशी केली, तर सासूबाई म्हणाल्या, "साहेब, तिला काही कमी पडू देत नाही. रोज रात्री हळद-दूध देते."

"मावशी, हळद घरी दळलेली का?"

"पूर्वी हळकुंडं आणून दळत होतो. आता कुठं वेळ मिळतो? सुटी पावडर आणते. पण रंग बघून घेते हं मी. एकदम पिवळीधमक."

रंग बघून हळद घेणाऱ्या त्या काही एकट्या नाहीत. आपण सगळेच तशी घेतो. आणि आपल्या या सवयीतूनच शेजारच्या देशात एक विष हजारो गर्भवतींच्या पोटापर्यंत पोहोचले होते.

बांगलादेशात काय सापडले?

बांगलादेशच्या ग्रामीण भागात संशोधकांनी ४३० गर्भवतींच्या रक्तातले शिसे मोजले. त्यांच्यापैकी जवळजवळ तिघींमागे एकीच्या रक्तात ते ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त निघाले. त्या खेड्यांत कारखाना नाही, वाहनांची गर्दी नाही. मग शिसे आले कुठून? माती, भांडी, तांदूळ, डबे, कीटकनाशके असे एकेक तपासत शोध स्वयंपाकघरातल्या हळदीपाशी येऊन थांबला. शिशाचे निरनिराळे समस्थानिक असतात आणि त्यांच्या प्रमाणावरून ते कोठून आले हे बोटांच्या ठशासारखे ओळखता येते. बायकांच्या रक्तातला ठसा हळदीतल्या शिशाशी जुळला.

हळदीत मिसळले जात होते लेड क्रोमेट. रंगाच्या कारखान्यात वापरली जाणारी ही झगझगीत पिवळी पूड. तिच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग नुसते शिसे असते. शेतकऱ्याचा यात काही संबंध नव्हता. शिजवून वाळवलेली हळकुंडे पॉलिश करताना ही पूड टाकली जात होती. तिथल्या जाणत्यांनी सांगितले, की १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजली, तिचा रंग उतरला आणि काळपट माल खपवण्यासाठी ही युक्ती सुरू झाली. पुढे पूर ओसरला, पण युक्ती राहिली, कारण गिऱ्हाइकाला तोच रंग आवडू लागला होता. २००५ मध्ये पेवांत शिरलेले पाणी ज्या सांगलीने पाहिले आहे, तिला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

नाळ गाळणी नाही

पोटातले बाळ सुरक्षित असते, आईच्या रक्तातले वाईट ते वार अडवून धरते, असे वैद्यकशास्त्रही एके काळी मानत होते. जपानमधल्या मिनामाता गावाने हा समज मोडला. तिथल्या कारखान्याचा पारा समुद्रात, समुद्रातून माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये हा आजार उघडकीस आला. काही आया वरवर ठणठणीत होत्या, पण त्यांच्या पोटी मेंदूला इजा झालेली मुले जन्मली. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची प्रथा आहे. डॉ. मासाझुमी हारादा यांनी अशा जपलेल्या नाळा तपासल्या आणि त्यांत पारा सापडला. आईकडून बाळाला विष गेल्याचा पुरावा घरोघरी डब्यांमध्ये पडून होता.

शिसेही असेच वार सहज ओलांडते. बाळाच्या नाळेतल्या रक्तात ते आईच्या रक्ताच्या जवळपास जाईल इतके आढळते. ते वाढले तर गर्भपात, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि आईचा रक्तदाब वाढणे यांचा धोका वाढतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे मेंदूची हानी, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. बाळ जन्मते, रडते, दूध ओढते, वजनही बरे भरते. आम्ही कागदावर 'बाळ सुखरूप' असे लिहितो. मुलाचे शाळेत लक्ष लागत नाही, शिकलेले टिकत नाही, हे कळायला सहा-सात वर्षे जातात. तोवर शिशाची आठवण कुणालाच नसते. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांसाठी महत्त्वाची आहे. रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत कमी होते, पण हाडांत बसलेले वीस-वीस वर्षे राहते. शरीराला ते कॅल्शियमसारखेच वाटते. गर्भारपणात बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते आणि त्याबरोबर माहेरच्या वयात साठलेले शिसेही सुटते. लोह आणि शिसे आतड्यातून एकाच वाटेने आत शिरतात. अंगात लोह कमी असेल, तर ती वाट शिशाला मोकळी मिळते. म्हणजे हिमोग्लोबिन आठ असलेल्या मुलीला भेसळीचा धोका इतरांहून जास्त.

हे थांबवता येते

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र दिलासा देणारा आहे. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर बांगलादेशच्या अन्नसुरक्षा खात्याने वर्तमानपत्रांत इशारे दिले, बाजारांत पत्रके लावली, घाऊक बाजारात यंत्राने जागेवर तपासणी करून दंड केले. तोवर बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले. त्यासाठी ना नवे औषध लागले, ना मोठे रुग्णालय.

आपल्याकडे कायदा आहे. हळदीत लेड क्रोमेट अजिबात असता कामा नये आणि शिशाचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आत हवे. तरीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावरच्या काही नमुन्यांत हे प्रमाण किलोमागे १००० मिलिग्रॅमच्या वर गेले होते. अशी हळद दिवसाला तीन ग्रॅम पोटात गेली, तर ३००० मायक्रोग्रॅम शिसे जाते. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम ही संदर्भ मर्यादा धरली आहे.

याचा अर्थ सांगलीची हळद वाईट असा कुणी काढू नये. उलट, ज्या बाजाराच्या नावावर हळद देशभर विकली जाते, त्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे. मार्केट यार्डात सौद्याच्या दिवशी शिसे मोजणारे यंत्र असले, तर प्रामाणिक शेतकरी आणि अडते यांचाच फायदा आहे.

घरी काय करावे?

● हळद बंद करू नका, रंगाचा हट्ट सोडा. खरे हळकुंड मळकट पिवळे दिसते. अति चकचकीत, हाताला लगेच रंग लागणारे घेऊ नका. पावडर घ्यायची तर अन्न परवाना क्रमांक असलेली, बंद पाकिटातली घ्या.

● काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाका. टाकताक्षणी पाणी पिवळे झाले, तर वरून रंग चढवल्याचा संशय घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पाणी स्वच्छ राहिले म्हणून शंभर टक्के खात्री होत नाही. ती प्रयोगशाळेतच होते.

● सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या न चुकता घ्या, पण दोन्ही एकाच वेळी नको.

● गर्भारपणात धातूंची भस्मे असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली शिशाची बाधा झालेल्या सहा गर्भवती आढळल्या. त्या भारतातून आलेली अशीच औषधे घेत होत्या.

● घरातले कुणी जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे किंवा रंग खरवडण्याचे काम करत असेल, तर त्यांनी कपडे बदलून, हातपाय धुऊनच घरात यावे.

● शंका असेल, तर रक्तातले शिसे मोजून घ्या. ते डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले, तर घाबरण्याऐवजी ते कुठून येते हे शोधा. मूळ बंद झाले की पातळी उतरते.

गर्भवतीच्या कार्डावर आम्ही साखर, रक्तदाब, थायरॉइड, एचआयव्ही सगळे लिहितो. घरात हळद कुठली येते, नवरा काय काम करतो, कुठली भस्मे चालू आहेत, हे विचारायला मात्र कार्डावर जागा नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मीही ते विचारले नव्हते. आता कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवतो.

त्या सासूबाई पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा पिशवीतून त्यांनी चार हळकुंडे काढून टेबलावर ठेवली. पलूसकडच्या भावाच्या रानातली होती. मळकट, खडबडीत, अंगाला माती. "रंगाला काही खास नाहीत, साहेब," त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

मी म्हटले, "मावशी, अशीच हवी."