बाप ‘तिरळा’, मुलगा ‘महान’: रोमन नावांची रीत

रोमन सेनापती पॉम्पी याला ‘माग्नुस’ म्हणजे ‘महान’ म्हणत. त्याच्या वडिलांचे उपनाव मात्र ‘स्ट्राबो’, म्हणजे तिरळा! रोमन लोक गौरवाइतकेच व्यंगही उघडपणे नावात वागवत.

उपनावांची गरज

प्रजासत्ताकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठित पुरुषाचे नाव बहुधा तीन पदरी असे: स्वतःचे, कुळाचे आणि उपनाव. स्वतःची म्हणून ठेवायची नावे जेमतेम दीड डझन प्रचारात होती. अनेक कुळांत तेच गायस, तेच मार्कस. मग ओळख पटवण्याचे काम उपनावावर आले आणि ते वंशपरंपरेने चालू लागले. मुलींना सहसा कुळाच्या नावाचेच स्त्रीरूप मिळे. कॉर्नेलियस कुळातली मुलगी कॉर्नेलिया.

रूपावरून, स्वभावावरून

प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचे ‘सिसेरो’ हे उपनाव हरभऱ्यावरून आले. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सिसेरो राजकारणात उतरत असताना मित्रांनी त्याला नाव बदलण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्याने हेच नाव गाजवून दाखवण्याचा निश्चय बोलून दाखवला. कवी ओव्हिडचे उपनाव ‘नासो’ नाकावरून पडलेले.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी समोरासमोरची लढाई टाळत राहिलेल्या रोमन सेनापती फेबियसला ‘कुंक्टाटोर’ म्हणजे ‘दिरंगाई करणारा’ म्हटले गेले. त्या दिरंगाईने रोमला सावरायला वेळ मिळाला, आणि हिणवणारा शब्द मानाचा ठरला.

विजयाची बिरुदे

इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलला हरवणारा सिपिओ ‘आफ्रिकानुस’ झाला. इ.स.पू. १४६ मध्ये ग्रीसमधल्या अखाइयातले कॉरिंथ उद्ध्वस्त करणारा मुम्मियस ‘अखाइकुस’ झाला. जिंकलेला प्रदेशच विजेत्याच्या नावाला जोडला जाई.

छावणीतले लाडके नाव

सम्राट गायस लहानपणी वडिलांच्या सैन्यतळावर छोटासा सैनिकी पोशाख घालून वावरे. शिपायांनी त्याला ‘कॅलिगुला’, म्हणजे ‘चिमुकला बूट’ म्हटले. इतिहासात तो त्याच नावाने उरला.

सर्वोच्च मान

इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने रोमचा पहिला सम्राट ऑक्टेव्हियन याला ‘ऑगस्टस’, म्हणजे ‘पूजनीय’ हे नाव दिले. पुढच्या सम्राटांनी ते पदवी म्हणून धारण केले. इ.स.पू. ८ मध्ये ‘सेक्स्टिलिस’ महिन्यालाही त्याचे नाव मिळाले. आपल्या दिनदर्शिकेतला ऑगस्ट तो हाच.