मुदत नसलेले कायदे

११ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. विधानसभेची मोहोर आदल्या दिवशीच उमटली होती. बरोबर १९ वर्षांपूर्वी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले होते. विधेयक मंजूर होऊन दहा दिवस होतात न होतात तोच मुंबई उच्च न्यायालयाने त्या स्फोटांच्या खटल्यातील सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले. ३१ जुलैला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. सुरक्षेसाठी आणखी एक कडक कायदा आणि आधीच्या कडक कायद्यांखाली चाललेल्या दोन मोठ्या खटल्यांचा असा शेवट, हे सगळे एकाच जुलैत घडले. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून फार कमी लोकांनी पाहिल्या.

पनवेलकरांनी तरी त्या पाहायला हव्यात. २० फेब्रुवारी २००८ ला आपल्याच गावातल्या सिनेराज चित्रपटगृहात ‘जोधा अकबर’ चालू असताना बॉम्ब फुटला होता. नंतर वाशी आणि ठाण्यातल्या नाट्यगृहांतही बॉम्ब ठेवले गेले. हेमंत करकरे प्रमुख असताना दहशतवादविरोधी पथकाने तपास केला आणि २०११ मध्ये निकालही लागला: सहापैकी दोघांना शिक्षा, चौघे सुटले. शिवाय दहशतवादाच्या आरोपाखालचे कितीतरी कैदी जिथे खटल्याची वाट पाहत बसतात ते तळोजा मध्यवर्ती कारागृह इथून हाकेच्या अंतरावर, खारघरपलीकडे आहे.

लोकल स्फोटांच्या खटल्याकडे जरा नीट पाहू. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या वर जखमी झाली. घरी परतणारी, डब्यात उभी असलेली माणसे. त्यातला एक तरुण तब्बल नऊ वर्षे कोमात राहून २०१५ मध्ये गेला. लोकांचा राग आणि भीती अगदी खरी होती. ‘काहीतरी करा’ हा आक्रोश खोटा कसा म्हणायचा? तपास मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली झाला. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते. मोक्कात मात्र वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरू शकते. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा माणूस त्याच वेळी सुटला, पण तोवर त्याची नऊ वर्षे आत गेली होती.

उच्च न्यायालयात तीच कबुली कोसळली. ती छळ करून घेतली गेल्याचा आरोपींचा दावा न्यायालयाला दखल घेण्याजोगा वाटला. ज्याला अधिकारच उरला नव्हता अशा अधिकाऱ्याने घेतलेली ओळखपरेड बाद झाली आणि साक्षीदारही टिकले नाहीत. खंडपीठाने निकालाच्या सुरुवातीलाच एक गोष्ट बजावली आहे: गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला, की समाजाला दिलासा मिळतो, पण खरा धोका मोकळाच फिरत राहतो. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे ठरले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले गेले नाही.

सुरक्षा हवी तर थोडे स्वातंत्र्य सोडावे लागेल, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. या खटल्यात बारा माणसांचे स्वातंत्र्य पुरते गेले आणि त्या बदल्यात सुरक्षा मिळाली नाही. बॉम्ब कोणी ठेवले याचे उच्च न्यायालयात टिकेल असे उत्तर १९ वर्षांनंतरही आपल्याकडे नाही. सौदा झालाच नाही, दोन्हीकडून फक्त गमावले गेले.

आता मुंबईवरचा २६/११ चा हल्ला पाहा. १६६ जणांचा बळी घेणारा तो हल्ला याहून भयंकर होता आणि राग शिगेला पोचला होता. तरीही हल्लेखोर कसाबवरचा खटला उभा राहिला तो डोळ्यांसमोरच्या पुराव्यावर. गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना त्याची रायफल धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि तो जिवंत सापडला. सीएसएमटीवर वृत्तछायाचित्रकाराने टिपलेली छायाचित्रे होती, कॅमेऱ्यांतले चित्रण होते, असंख्य साक्षीदार होते. त्याला वकील मिळाला, खटला उघडपणे चालला आणि चार वर्षांत शेवटची पायरी गाठली गेली. त्याच खटल्यात न्यायालयाने दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. अख्खे शहर संतापलेले असताना एका न्यायाधीशाने हा पुरावा पुरेसा नाही असे म्हणावे, याचा मला अभिमान वाटतो. त्या निकालाने कोणाचीही सुरक्षा कमी झाली नाही.

हल्ल्यानंतरचे कायदे मात्र घाईत येतात. २६/११ ला तीन आठवडे होतात न होतात तोच लोकसभेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातल्या, म्हणजे यूएपीएतल्या दुरुस्त्या मंजूर केल्या. आरोपपत्राविना कोठडीची मर्यादा १८० दिवसांवर गेली. जामिनाचे कलम असे झाले, की आरोपपत्र आणि केस डायरी वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर न्यायालय जामीन देऊच शकत नाही. बचावाची बाजू पुढे, खटल्यात.

यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. टाडा हा जुना दहशतवादविरोधी कायदा कितीही वाईट असला, तरी त्याला मुदत होती. दर दोन वर्षांनी संसदेला तो वाढवून घ्यावा लागे, म्हणून सरकारला उत्तर द्यावे लागे. १९९५ मध्ये तो वाढवला गेला नाही आणि संपला. त्यानंतर आलेल्या पोटालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये तो रद्दच झाला. अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर दीड महिन्यात आलेल्या पॅट्रियट कायद्यातल्या काही कलमांनाही मुदत होती. आपल्याकडे पोटा गेला आणि त्याची बरीच कलमे त्याच वर्षी यूएपीएत येऊन बसली, या वेळी मुदतीशिवाय. आणीबाणीच्या प्रसंगी दिलेला अधिकार असा कायमचा होऊन बसला आणि त्यावर ठराविक काळाने हिशेब मागण्याची सक्तीच उरली नाही.

मुदत नसण्याचा अर्थ तळोजात दिसला. यूएपीएखालच्या एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नसे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी न्यायालयाकडे पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितले. त्या साध्या अर्जावर तपास यंत्रणेने उत्तरासाठी वेळ मागून घेतला. जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, एका म्हाताऱ्याला पेलाभर पाणी पिता यावे यासाठी न्यायालयात जावे लागले, याने राज्य अधिक सुरक्षित झाले असे कोण म्हणेल?

रोजच्या आयुष्यातले निर्बंध वेगळे आहेत आणि त्यांतले बरेच मला मान्य आहेत. स्थानकावर बॅग तपासली, तर माझे काही जात नाही. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली इथे घर भाड्याने देताना पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागते: फोटो, मूळ गावचा पत्ता, आधार, कामाचे ठिकाण, ओळखीची दोन माणसे. यात गैर काही नाही. पण २६/११ ची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेच्या पासपोर्टवर येत होता, ब्रीच कँडीला राहत होता आणि ताडदेवला त्याचे कार्यालय होते. त्याची कागदपत्रे चोख होती. याउलट कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायला आलेल्या माणसाकडे गावचा पत्ता सोडून काही नसते, आणि आडनाव ऐकूनच घर नाकारणाऱ्या सोसायट्यांना पोलिसांचा फॉर्म हे सोयीचे कारण मिळते. त्या कागदाचा काच बसतो तो नेमका त्या माणसाला, ज्याच्यापासून कोणालाच धोका नाही.

जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. संयुक्त समितीने ‘व्यक्ती आणि संघटना’ हा रोख बदलून कडव्या डाव्या संघटनांवर आणला, ते बरे झाले. तरी सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका पोचवणारे कृत्य ही व्याख्या इतकी सैल आहे, की उद्या जमीन संपादनाविरुद्ध रस्त्यावर बसलेल्या माणसांवरही ती ओढता येईल. १९८४ च्या जासई-दास्तानफाट्याच्या आंदोलनात माणसे गमावलेल्या आपल्या भागाला ते वेगळे सांगायला नको. आपल्या आमदारांना विचारण्याजोगे प्रश्न साधे आहेत. या कायद्याचा आढावा कोण घेणार, किती वर्षांनी? खटला किती काळात संपला नाही तर जामीन मिळणार? खोट्या खटल्यात गोवणाऱ्या अधिकाऱ्याचे आणि गोवलेल्या माणसाचे काय?

शेवटच्या प्रश्नावर विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला आहे. चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांना कायद्याने भरपाई मिळावी, अशी त्यात शिफारस आहे. ती अहवालातच राहिली आहे. त्यामुळे १९ वर्षांनी बाहेर आलेल्या माणसाला भरपाईसाठी पुन्हा न्यायालयाचेच उंबरठे झिजवावे लागणार, आणि लोकलमध्ये मुलगा गमावलेली आई सर्वोच्च न्यायालयातल्या पुढच्या तारखेकडे डोळे लावून बसणार.